कार्टूनच तर आहे

‘कार्टूनच तर आहे’ हे वाक्य मला दोन ठिकाणी ऐकायला मिळतं, घरी आणि कामावर.

घरी ते माझे भावोजी म्हणतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, चांगला घोडा झालाय. वय चोवीस, लोअर परळला नोकरी, पगारातून पीएफ कापला जातो, स्थळांची कुजबुज सुरू झालीय. शाळेतून आल्या आल्या दप्तर भिरकावून तो जे कार्टून बघायचा, त्याचा नवा सीझन आला आणि त्यातल्या पोराचा हिंदी आवाज बदललेला निघाला. झालं. डोळे मोठे केलेत, रंग भडक केलेत, कपाळावरची बट गायब आहे, आणि मुख्य म्हणजे ‘हा तो नाहीच’. आमटी गार होईपर्यंत हे चाललं होतं. शेवटी भावोजींनी पेपरातून डोकं वर न काढता ते वाक्य टाकलं आणि हा ताटावरून उठला.

कामावर तेच वाक्य हिंदीत येतं. मी डबिंगचे संवाद लिहिते, परदेशी मालिकांचे. बहुतेक हिंदी, कधीमधी मराठी. मानधनाचा विषय निघाला की फोनवरचा माणूस प्रेमाने हसतो. “मॅडम, बच्चों का है. कार्टून ही तो है.” मोठ्यांच्या मालिकेला जो भाव असतो त्याला इथून कात्री लागायला सुरुवात होते.

मी भाच्याच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. कमावत्या मुलाने कार्टूनवरून भांडू नये असं मला अजिबात वाटत नाही. आईबाप लोकलमध्ये लोंबकळत असताना ज्या आवाजाने रोज संध्याकाळी घरात सोबत केली, तो आवाज न सांगता काढून घेतला तर माणूस चिडणारच. माझं त्याच्याशी वाजतं ते वेगळ्या कारणावरून. त्याचा राग पडद्यावरच्या चेहऱ्यापाशी संपतो. ‘कार्टून ही तो है’ म्हणत जो माणूस पडद्यामागे हिशोब करत बसलाय, त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही.

हिंदी कार्टून मुंबईत बोलतं ते मुख्यतः अंधेरी पश्चिमेला. वीरा देसाई रोड, ओशिवरा, वर्सोव्याचं आरामनगर, तिकडे गोरेगावपर्यंत. बाहेर पाटी असेलच असं नाही. एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा असतो, शेजारी कुरियरवाला, वर कपड्यांचं एक्स्पोर्ट. आत गेलं की स्पंजच्या भिंतींची एक खोली, माईक, स्टँडवर स्क्रिप्ट, समोर स्क्रीन. काचेपलीकडे साउंड इंजिनिअर आणि डबिंग डिरेक्टर. टेक चालू असताना एसी बंद, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. मे महिन्यात त्या खोलीत उभं राहून बर्फात लोळणाऱ्या पोराचं खिदळणं काढायचं असतं. गणपतीत तर विचारूच नका. ढोल-ताशा पथक गल्लीतून पार होईपर्यंत सगळे चहा पीत बसतात.

त्या पोराचा जुना आवाज म्हणजे पन्नाशी उलटलेल्या एक बाई. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. लहान मुलग्यांचे आवाज जगभर बहुतेक वेळा बायकाच काढतात; खऱ्या मुलाचा आवाज फुटतो आणि मालिका काही तोवर संपत नाही. बूथमध्ये शिरण्याआधी ताई बांगड्या काढून पर्समध्ये ठेवतात. बरोबर कोमट पाण्याची बाटली आणि डब्यात हिरव्या सफरचंदाच्या फोडी. तोंड कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटून बारीक टकटक होते, माईक ती पकडतो, आणि आंबट सफरचंदाने ती जाते. किंचाळ्या त्या सगळ्यात शेवटी घ्यायला लावतात, कारण आधी किंचाळलं की घसा गेला आणि घशाबरोबर दिवस गेला. धावणं, धापा टाकणं, जिन्यावरून गडगडणं, हे सगळं वेगळं रेकॉर्ड होतं. घास तोंडात धरून बोलायचं वाक्य आलं की ताई तर्जनी मुडपून तिचं पेर दातात धरतात आणि बोलतात. ऐकणाऱ्याला भूक लागावी इतकं ते खरं वाटतं.

माझं काम त्याच्या आधीचं, ओठ बसवण्याचं. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटतात. म्हणून क्लोजअपमध्ये चित्रातलं तोंड मिटलं की तिथे यातलं एखादं अक्षर आणायचं, आणि उघडं असलं तर ते येऊ द्यायचं नाही. लांबीही तेवढीच हवी, नाहीतर पोराचं तोंड बंद झाल्यावरही त्याचं बोलणं चालूच. नवा सीझन माझ्याकडे नव्हता, पण भाच्याने फोनवर तो दाखवला. त्यात पोरगा ‘मम्मी’ऐवजी ‘मॉम’ म्हणतो, आणि भाच्याला ते फार लागलं होतं. का, ते त्याला सांगता येईना. ‘मम्मी’ संपताना तोंड उघडं राहतं, ‘मॉम’ संपताना मिटतं. चित्रात पोराचं तोंड शेवटी उघडं आहे. मग ते ‘मॉऽऽ’ असं ताणून शेवटचा म गिळावा लागतो, आणि हाक मारतोय की कण्हतोय ते कळत नाही. वरून कुणीतरी सांगितलं असणार की घर जरा मॉडर्न वाटू दे. सांगणाऱ्याने ओठ पाहिले नव्हते. भाच्याने पाहिले होते, शिशुवर्गात असल्यापासून.

आणि ताईंचं हसणं. हसून झाल्यावर श्वास आत घेताना त्या घोरल्यासारखा एक बारीक आवाज काढायच्या. मूळ मालिकेत तो नाही. एकदा सर्दी असताना तो आपसूक आला, डिरेक्टर म्हणाला राहू दे, आणि मग तो त्या पोराचाच होऊन गेला. माझा भाचा अजून कधीकधी तसा हसतो, ऑफिसच्या फोनवरसुद्धा. कॉपीराइट चित्राचा असतो, नावाचा असतो, डब्याबाटल्यांवर छापायच्या छबीचा असतो. ते घोरणं कुठल्याच कागदावर नव्हतं. त्यामुळे मालिका नव्या जागी गेली तेव्हा चित्रं गेली, गाणं गेलं, आणि हे मागे राहिलं.

बदल झाला तो असा. मालिकेचे हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेले. नव्या मालकांनी डबिंग नव्या स्टुडिओला दिलं, स्टुडिओने आपल्या यादीतल्या मुलींच्या व्हॉइस टेस्ट घेतल्या. ताईंना कुणी काढलं वगैरे नाही. त्यांना फोन केला नाही, एवढंच. त्यांना कळलं ते सोसायटीतल्या एका लहान मुलाकडून. लिफ्टमध्ये त्याने विचारलं, “काकू, तुझा घसा बसलाय का?” लहान मुलांना कुठे काय कळतं असं म्हणणाऱ्यांनी हा मुलगा ध्यानात ठेवावा. ताई ही गोष्ट हसत सांगतात. सांगून झाल्यावर त्यांनी मला जे विचारलं ते असं: “अगं, आधीच्या सीझनचा शेवटचा हप्ता तुला आला का? मला नाही आलाय अजून.” मलाही आला नव्हता. आमच्या धंद्यात तीन महिन्यांनी पैसे आले तर वेळेवर आले असं धरतात.

हेच जपानमध्ये कसं होतं पाहा. ‘डोरेमॉन’चा आवाज नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून काढला. २००५ च्या एप्रिलमध्ये मुख्य पात्रांचे आवाज एकदमच बदलले आणि डोरेमॉन वासाबी मिझुता यांच्याकडे आला. सव्वीस वर्षांची सवय मोडणं कुणालाही जड जाणारच. पण कोण गेलं आणि कोण आलं हे लोकांना नावानिशी ठाऊक होतं. ‘शिनचॅन’चं तर आणखी स्वच्छ. अकिको याजिमा १९९२ पासून शिनचॅन होत्या. २०१८ मध्ये त्यांनीच सांगितलं की आता तो आवाज टिकवण्यातच लक्ष जातं, बोलणं सहज येत नाही, म्हणून मी थांबते. मग यूमिको कोबायाशी आल्या. ओयामाबाई २०२४ मध्ये वारल्या तेव्हा बातम्यांमध्ये त्यांचं नाव होतं, चेहरा होता.

याच दोन पात्रांवर आपल्याकडची एक अख्खी पिढी पोसली. गिरगावातल्या, पार्ल्यातल्या मराठी घरांत पोरं आजीकडे खाऊ मागायला लागली ती हिंदीत, आणि आज्या वैतागल्या. बांगलादेशात तर हिंदी बोलणाऱ्या डोरेमॉनवर २०१३ मध्ये बंदीच आली, मुलांच्या तोंडी हिंदी बसायला लागली म्हणून. शिनचॅनला आपल्याच सरकारने २००८ मध्ये घरी बसवलं. पुढच्या वर्षी तो कापून-कुपून परत आला. सरकारं दखल घेतात इतकी ही मंडळी घराघरात शिरली होती. पण त्यांना हिंदी बोलायला लावणारी माणसं कोण? सोनल कौशल यांनी डोरेमॉनलाही आवाज दिला आणि छोटा भीमलाही, हे बहुतेकांना कळलं ते बऱ्याच उशिरा, त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन ते आवाज काढून दाखवायला लागल्यावर. एका बाईच्या गळ्यातून दोघं निघतात यावर लोकांचा विश्वास बसेना. बाकीच्या कित्येकांच्या वाट्याला तेवढंही आलेलं नाही. (मराठीत तर बोलणारं कार्टूनच इतकं कमी की आवाज बदलला म्हणून मराठी पोराला मराठीत रुसायची सोय नाही. त्यावर वेगळं लिहीन, आणि ते बरंच तिखट असेल.)

उद्योगाला आवाजाची किंमत कळत नाही, असं मात्र समजू नका. माझ्या पिढीची रविवार सकाळ आठवा. दूरदर्शन, १९९३, ‘जंगल बुक’, गुलजारांचं ते चड्डी घातलेल्या फुलाचं गाणं, आणि शेरखानच्या तोंडी नाना पाटेकर. ती मालिका जपानी होती हे आम्हाला कितीतरी वर्षांनी समजलं. आमच्या लेखी ते जंगल नॅशनल पार्काच्या मागच्या बाजूलाच कुठेतरी होतं. २०१६ मध्ये डिस्नेचा सिनेमा आला. निर्मिती वेगळी, चित्र वेगळं, वाघ वेगळा. तरी हिंदीत शेरखानसाठी बोलावलं ते नानांनाच, आणि गाणंही पुन्हा रेकॉर्ड करून घेतलं. तेवीस वर्षांपूर्वी चटईवर बसलेलं पोर आता तिकिटं काढणारा बाप झालेलं होतं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. म्हणजे जुना आवाज परत आणायची अक्कल आहे. नाव मोठं असलं की ती सुचते. ताईंच्या वेळी ती सुचण्यासाठी आधी ताईंचं नाव कुणाच्या तरी तोंडी असायला हवं होतं.

मग राग गेला कुठे? नव्या मुलीवर. ती विदर्भातून आलेली, मालाडला तिघीचौघींबरोबर भाड्याने राहते. टेस्टला तिला ताईंच्या जुन्या रेकॉर्डिंगचा एक तुकडा ऐकवला आणि ‘मॅच कर’ म्हणाले. आवाज जुळवणं हे आमच्याकडे रोजचं काम आहे, पण एका तुकड्यावरून सूर जुळतो, खोड्या जुळत नाहीत. त्यासाठी जुने भाग बसून ऐकावे लागतात, आणि तेवढा वेळ द्यायचा तर त्याचे पैसे द्यावे लागतात. तिने जमेल तितकं जुळवलं. तिचं नाव कसं कोण जाणे बाहेर फुटलं आणि फोनवर शिव्यांचा पाऊस सुरू झाला. ‘आमचं बालपण खाल्लंस’ ही त्यातली सभ्य. शिव्या देणारे कॉलेज संपवलेले, नोकरीधंद्याला लागलेले, एकदोन तर बाप झालेले. चांगलं काम केलेलीचं नाव इतकी वर्षं कुणी शोधलं नाही आणि नव्या पोरीचं आठवडाभरात सापडलं. इथे मला भाच्यासकट सगळ्यांना झोडावंसं वाटतं. त्याने शिव्या दिल्या नव्हत्या म्हणून वाचला.

चाहत्यांच्या रागाचा आणखी एक प्रकार आहे, तो मला फार मजेचा वाटतो. तो पात्राच्या वयाचा. २०२० च्या जूनमध्ये आपण सगळे घरात कोंडलेले असताना आवई उठली की छोटा भीम चुटकीला सोडून राजकुमारी इंदुमतीशी लग्न करतोय. चुटकीला न्याय द्या म्हणत ट्विटरवर झुंबड उडाली. लाडू खायला घालायचे चुटकीने, संकटात बरोबर जायचं चुटकीने, आणि वरमाला राजकन्येच्या गळ्यात? हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीला अखेर खुलासा करावा लागला की ही सगळी अजून लहान मुलं आहेत आणि लग्नाची बातमी खोटी आहे. चुटकीचे हे वकील कोण होते? २००८ मध्ये भीम पोगोवर आला तेव्हा जी पोरं मांडी घालून समोर बसली, तीच. ती विशीत पोचली आणि वाटेत भीमच्या ढोलकपूरलाही आपल्याबरोबर मोठं करत गेली. त्यात थट्टा भरपूर होती. पण थट्टेच्या आडून खरंच वाईट वाटलेले लोकही होते, आणि त्यांतला एक आमच्या घरात सोफ्यावर लोळत होता.

याच्या बरोबर उलटंही होतं. २००९ मध्ये अमेरिकेत निकेलोडियन वाहिनी आणि खेळणी बनवणारी मॅटेल यांनी छोट्यांच्या कार्टूनमधली डोरा जरा मोठ्या वयाची करून आणायचं जाहीर केलं. गणित सरळ होतं: मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की डोरा सोडते, मग डोरालाच तिच्यामागे पाठवायचं. सुरुवातीला नुसती सावली दाखवली होती, चेहरासुद्धा नाही, तर तिकडच्या आया खवळल्या. आमच्या पोरीला इतक्यात मोठी करू नका! मला त्या आयांचं पटतं. आपल्याकडे फास्टर फेणेचं पाहा. भा. रा. भागवतांचा तो किडकिडीत शाळकरी फुरसुंगीकर २०१७ च्या सिनेमात मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या वयाचा झाला. सिनेमा आवडलेले माझे मित्रही पुस्तकांचा विषय निघाला की हळूच म्हणतात, “पण बन्या नव्हता गं तो.” कारण उघड आहे. फेणेचं ते ‘ट्टॉक’ आम्ही प्रत्येकाने आपापल्या जिभेने वाजवून पाहिलेलं. तिथे जुना आवाज आमचाच होता, आणि तो आम्हाला न विचारता कुणी बदलू शकेल हे डोक्यातच नव्हतं.

चित्र बदलण्यामागेही बहुतेक वेळा हिशोबच असतो, कलेची कुणाला उबळ आलेली नसते. ‘लोटपोट’ या हिंदी मासिकातले मोटू-पतलू २०१२ मध्ये निकेलोडियनवर आले ते थ्रीडी होऊन, आपल्या मुंबईच्याच माया डिजिटल स्टुडिओतून. थ्रीडीत एकदा पात्राचं मॉडेल तयार झालं की तेच शेकडो भागांत वापरता येतं. दर भागाला नव्याने चित्रं काढत बसावं लागत नाही. कागदावरचे मोटू-पतलू ज्यांनी पाहिलेत त्यांना पडद्यावरचे प्लास्टिकचे वाटतात, आणि आजच्या मुलांना कागदावरचे दाखवले तर ती विचारतात, हे असे का दिसतात? दोघांचंही बरोबर आहे. या भांडणात मी पडत नाही.

राग जिंकतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण भाच्याकडे कायम तयार असतं, ‘सॉनिक’चं. एप्रिल २०१९ च्या शेवटी सिनेमाचं ट्रेलर आलं. व्हिडिओ गेममधला निळा सॉनिक आणि त्याला माणसासारखे दात. लोकांनी इतका गदारोळ केला की दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी दोन-तीन दिवसांत कबूल केलं, बदलतो. नोव्हेंबर २०१९ ला लागणारा सिनेमा फेब्रुवारी २०२० वर ढकलला. टायसन हेस या चित्रकाराच्या देखरेखीखाली पात्र नव्याने घडलं. नवं ट्रेलर आलं तेव्हा टाळ्या, आणि पुढे सिनेमाने जगभरात तीस कोटी डॉलरहून जास्त कमावले. “बघ मावशी, ओरडलं की ऐकतात.”

ऐकतात, खरंय. पण थ्रीडीत चेहरा बदलला म्हणजे मॉडेल बदललं, सांध्यांची जोडणी बदलली, अंगावरचे केस बदलले, आणि तो ज्या ज्या शॉटमध्ये आहे तो प्रत्येक शॉट पुन्हा. ते ज्यांनी केलं त्यांत एमपीसी या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कंपनीचा व्हँकुव्हरचा स्टुडिओ होता. सिनेमा लागायच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०१९ मध्ये, तो बंद झाला. दात बदलले म्हणून स्टुडिओ बंद पडला असं मी म्हणत नाही. त्या धंद्याची गणितं आधीपासूनच बिघडलेली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये एमपीसीची पालक कंपनी टेक्निकलरच कोसळली आणि बेंगळुरू-मुंबईतल्या माणसांच्याही नोकऱ्या गेल्या. तेव्हा मात्र मला चाहते कुठे दिसले नाहीत. दातांसाठी जग हललं, दात काढून देणाऱ्यांसाठी तसं हललेलं मला दिसलं नाही.

भाच्याला मी हे एकदा नीट बसवून सांगितलं. तो मुलगा मनाचा चांगला आहे, ऐकून घेतो. म्हणाला, “मग मी लिहितो त्यांना. काय लिहू?” मी म्हटलं, तीन गोष्टी लिही. आवाज बदलणार असाल तर आधी जाहीर करा. जुनी आणि नवी, दोघींची नावं पडद्यावर द्या. आणि मुलांच्या मालिकेला मोठ्यांच्या मालिकेइतकाच रेट द्या. पहिल्या दोन त्याने तिथल्या तिथे फोनवर टाइप केल्या, छान लिहिल्या, ताईंच्या हसण्यावर तर एक अख्खा परिच्छेद. तिसरीवर अडला. “ते तुझं तू बघ ना मावशी. ते घातलं की ते युनियनचं पत्र वाटतं.” मी त्याला म्हटलं, युनियनचंच आहे. त्याने ते घातलं नाही.

नवी मुलगी मध्यंतरी पुढच्या सीझनचा करार घेऊन माझ्याकडे आली. गोरेगाव स्टेशनजवळच्या उडप्याकडे बसून आम्ही तो वाचला. पानंच्या पानं इंग्रजी. आत एका कलमात तिच्या आवाजाच्या नमुन्यावरून यंत्राला आवाज शिकवायची परवानगी, कायमची, जगभरासाठी, जादा पैसा न देता. मी तिथूनच ताईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. शेजारच्या टेबलावर डोसा तव्यावरून थेट चरचरत आला होता, तरी त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“ते कलम आधी खोड,” ताई म्हणाल्या. “रेटचं मग भांड. आणि नाव माग, नाव द्यायला त्यांचं काही जात नाही.”

मुलीने धीर करून विचारलं, “ताई, ते हसल्यावरचं श्वासाचं... ते मी करू का? सगळे तेच मागतात जी.”

“नको. ते माझं आहे. तू तुझं काहीतरी काढ.” मग थोडं थांबून, “सफरचंद हिरवंच आण. लाल चालत नाही.”

करार आठवडाभराने परत आला. यंत्राचं कलम गेलं नाही, पण ‘फक्त याच मालिकेपुरतं’ असे शब्द त्यात आले. रेट होता तोच. एक तारखेला भाडं द्यायचं होतं, तिने सही केली. नाव मात्र द्यायला ते तयार झाले, शेवटच्या पाटीवर, डबिंग कलाकारांच्या यादीत. तपासायला पाठवलेल्या पाटीत तिचं आडनाव चुकीचं लिहिलंय. दुरुस्त करून देतो म्हणालेत.